इम्प्लांटची फायनल कॅप बसवताना हिरडी पांढरी पडते किंवा काळी फट राहते, तेव्हा

तक्रार दोन रूपांत येते. पहिली अशी, की लॅबमधून आलेली फायनल कॅप (इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावर, लागणारा दात) स्क्रूनं घट्ट करायला घेतली की हिरडी पांढरीफटक पडते. पंधरा-वीस मिनिटं थांबलं तरी रंग परत येत नाही आणि पेशंट खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो. दुसऱ्या रूपात कॅप लोण्यासारखी बसते, कुठे दाब नाही, दुखणं नाही. पण महिन्याभरानं पेशंट येऊन विचारतो की दोन दातांच्या मधे ही काळी फट कुठून आली, तात्पुरत्या दाताला तर नव्हती. दोन्ही वेळा आपण लॅबला फोन लावतो. लॅबवाले म्हणतात, सर, तुम्ही जे स्कॅन पाठवलं त्याच्यावरच बनवलं ना. आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं.

मी नागपुरात प्रोस्थोची, म्हणजे कृत्रिम दात बसवण्याची, प्रॅक्टिस करते. माझ्याकडे भंडारा, गोंदिया, छिंदवाड्याकडून येणारे पेशंट बरेच, त्यामुळे एक कॅप परत गेली की एका माणसाची दोन-तीन दिवसांची मजुरी किंवा रजा जाते, हे रोज डोळ्यांसमोर असतं. हा घोळ मी पुष्कळदा केला आहे आणि नंतर त्याचं मूळ सापडलं. ते इथे नीट लिहून ठेवते आहे.

मला मूळ सापडलं ते गोंदियाच्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये. वरचा समोरचा उजवा दात, ११ नंबर. इम्प्लांट चांगलं जिरलं होतं. स्क्रूची टेम्पररी, म्हणजे तात्पुरती कॅप, लावली आणि दर पंधरा दिवसांनी टेम्पररीच्या मानेला (हिरडीत जाणाऱ्या भागाला) थोडं थोडं फ्लोएबल कंपोझिट (दातात भरायचं पातळ मिश्रण) चढवत हिरडीला आकार दिला. बाई दर वेळी अर्धी रजा टाकून गाडीनं यायच्या. तीन महिन्यांत हिरडीची कमान शेजारच्या २१ ला इतकी जुळली की माझ्या असिस्टंट ताईंनी आपणहून फोटो काढून ठेवला. मग स्कॅनचा दिवस. टेम्पररी काढली, धुवायला दिली, स्कॅन बॉडी (स्कॅनरला इम्प्लांटची जागा दाखवणारा खुंट) शोधण्यात आणि स्कॅनरचं टिप बदलण्यात दहा-बारा मिनिटं गेली, मग स्कॅन केलं. स्क्रीनवर सगळं स्वच्छ दिसत होतं. दोन आठवड्यांनी झिर्कोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप आली, बसवायला घेतली, आणि बाई म्हणाल्या, "डॉक्टर, हे दुखून राहिलं ना, आधीचं असं नव्हतं दुखत."

तिथे मी एक गोष्ट केली, जी आता प्रत्येक केसमध्ये सगळ्यांत आधी करते. फायनल काढली आणि जुनी टेम्पररी परत लावली. ती अलगद बसली. पांढरेपणा आला तो दोन मिनिटांत गेला. म्हणजे तोंडातल्या हिरडीत काही बिघडलेलं नव्हतं. बिघडलं होतं ते टेम्पररीपासून फायनलपर्यंतच्या वाटेवर.

हिरडी आकार धरून का बसत नाही

इम्प्लांटचं डोकं गोल असतं, साधारण ४ मिमी व्यासाचं. समोरच्या वरच्या दाताची मान मात्र आडवी कापून पाहिली तर गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखी, ६-७ मिमी रुंद. या गोलातून त्या त्रिकोणात जाण्यासाठी कॅपला मिळते हिरडीची फक्त ३-४ मिमी खोली. टेम्पररी त्या खोलीत बसून हिरडीला आतून तोलून धरते.

नैसर्गिक दातात हिरडीचे तंतू मुळाच्या सिमेंटममध्ये (मुळावरच्या कठीण थरात) रुतलेले असतात, त्यामुळे हिरडी दाताला बांधलेली असते. इम्प्लांटभोवती बरेच तंतू गोल वळसा घालून जातात, धातूत रुतत नाहीत. चंचीची नाडी ओढली की तोंड आवळतं, तसं टेम्पररी बाहेर निघाली की हिरडी आत यायला लागते. हे काही मिनिटांतच सुरू होतं. डोळ्यांना पटकन कळत नाही, कारण आपण वरून पाहतो आणि आकसणं आतल्या भिंतींत होत असतं. स्कॅनर मात्र ते इमानेइतबारे टिपतो.

आता लॅबकडे जातो तो हिरडीचा आकसलेला बोगदा. टेक्निशियन तो बोगदा खरा मानून चालला तर कॅपची मान अरुंद होते, हिरडीचा आधार सुटतो, दोन दातांमधलं हिरडीचं टोक आकसतं आणि काळी फट येते. त्यानं अनुभवानं ओळखलं की हे आकसलेलं आहे आणि अंदाजानं मान फुगवली, तर तो फुगवटा भलत्या ठिकाणी पडतो आणि हिरडी पांढरी होते. दोन तक्रारी वेगळ्या दिसतात, कारण एकच. आकार तोंडात शिल्लक नसताना आपण तोंड स्कॅन केलं. तो आकार त्या क्षणी ट्रेमध्ये पडलेल्या टेम्पररीवर होता.

आधी खात्री करा की दोष हाच आहे

लगेच स्कॅनला दोष देऊ नका. शेजारच्या दातांशी कॉन्टॅक्ट घट्ट असला तरी कॅप अधांतरी राहते आणि हिरडीवर चुकीच्या जागी टेकते. म्हणून पहिल्यांदा फ्लॉस आणि आर्टिक्युलेटिंग पेपरनं (दाबाची खूण उमटवणाऱ्या रंगीत कागदानं) कॉन्टॅक्ट पाहा, लागला तर तो मोकळा करा, मगच हिरडीकडे वळा. मग एक्स-रे, कोन सरळ ठेवून. टायटेनियम बेस (कॅपला इम्प्लांटशी जोडणारा धातूचा भाग) आणि इम्प्लांट यांच्यामध्ये काळी रेघ दिसली तर कॅप बसलेलीच नाही, हिरडी मधे दबली आहे किंवा कॉन्टॅक्ट अडवतो आहे.

हे दोन्ही ठीक असेल तर टेम्पररीची परीक्षा घ्या. टेम्पररी अलगद बसते आणि फायनल बसत नाही, तर आकार वाटेत हरवला. टेम्पररीसुद्धा आता न जाणारा पांढरेपणा आणते, तर मधल्या काळात ती सैल झाली होती किंवा काही दिवस बाहेर होती आणि हिरडीच बदलली. अशा वेळी नवीन कॅपचं बोलूच नका, हिरडी पुन्हा हळूहळू उघडायची.

शेवटची खूण मला सगळ्यांत खात्रीची वाटते. टेम्पररी आणि फायनल एकाच अ‍ॅनालॉगवर (इम्प्लांटच्या तोंडाबाहेरच्या नकलेवर) आळीपाळीनं लावून तोंडाबाहेर स्कॅन करा आणि सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून रंगांचा नकाशा काढा. शिक्षिकाबाईंच्या कॅपमध्ये ओठाकडच्या बाजूला हिरडीच्या कडेखाली फायनल टेम्पररीपेक्षा फुगीर निघाली आणि दोन्ही बाजूंच्या फटींकडे बारीक. पांढरेपणा कुठे येतो आणि फट कुठे पडेल, दोन्ही त्या एका चित्रात दिसलं. ते चित्र टेक्निशियनला पाठवलं तेव्हा पाच मिनिटांत वाद संपला.

मग स्कॅन कसं करायचं

सगळं एकाच बैठकीत उरका. कॅप आणि अबटमेंट (इम्प्लांटवर लागणारा जोड) वारंवार काढल्यानं हिरडीचा चिकटलेला भाग दर वेळी उचकटतो, म्हणून स्कॅनसाठी दोनदा बोलावणं टाळा.

टेम्पररी तोंडात असतानाच पहिलं स्कॅन घ्या, दोन्ही बाजूंच्या दाढांपर्यंत, हिरडीची कड स्पष्ट दिसेल असं. समोरचा जबडा आणि बाइटसुद्धा (दात मिटल्यावरची जुळणी) तेव्हाच. सगळ्यांत शांतपणे करायचं काम हे आहे, कारण या वेळी हिरडीला कुठलीही घाई नसते.

त्याआधी एक बारीक काम करा. टेम्पररीच्या ओठाकडच्या आणि टाळूकडच्या बाजूवर फ्लोएबल कंपोझिटचे तीन-चार ठिपके लावून दिव्यानं क्युअर (कडक) करा, मोहरीच्या दाण्याएवढे, एका ओळीत न येऊ देता. समोरचा दात गुळगुळीत असतो. पुढे दोन स्कॅन जुळवताना सॉफ्टवेअरला पकडायला काही सापडत नाही आणि जुळणी एखाद्या अंशानं फिरते. वर कडेशी ते दिसत नाही, खाली मानेशी मात्र फरक पडतो. हे ठिपके लावायला लागल्यापासून माझ्याकडे जुळणी घसरणं जवळपास थांबलं. सगळी स्कॅनं झाली की ठिपके काढून पॉलिश करायचं. मधे टेम्पररीला हँडपीस लावायचा नाही, अगदी छोटीशी कड टोचत असली तरी नाही. पहिल्या आणि शेवटच्या स्कॅनमधली टेम्पररी हुबेहूब तीच हवी.

मग टेम्पररी काढा आणि स्कॅन बॉडी लावा. पहिल्या स्कॅनची प्रत करून इम्प्लांटभोवतीचा भाग कापा आणि तेवढंच पुन्हा स्कॅन करा. या वेळी हिरडी आकसली तरी फिकीर नाही, कारण इथून आपल्याला फक्त इम्प्लांटची जागा, खोली आणि दिशा घ्यायची आहे. पण स्कॅन बॉडीखाली आकसलेली हिरडी चेंगरत नाही ना, हे एक्स-रेनं पाहा. पीक (पीईईके) नावाच्या कडक प्लास्टिकच्या स्कॅन बॉडी ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात) वारंवार जाऊन झिजतात. कड गोल झालेली असेल तर ती टाकून द्या.

टेम्पररी लगेच परत तोंडात जायला हवी, म्हणून पुढचं काम भराभर. ती धुऊन अ‍ॅनालॉगवर लावा, हेक्स (षटकोनी जोड) नीट बसलाय का पाहा, अ‍ॅनालॉग आर्टरी फोर्सेप्समध्ये (चिमट्यात) धरा आणि चहूबाजूंनी स्कॅन करा: कड, मान आणि अगदी खाली अ‍ॅनालॉगला टेकते तिथपर्यंत. स्कॅनरमधलं आपोआप साफसफाई करणारं फिल्टर इथे बंद ठेवा. दात आणि हिरडी नसलेलं सगळं ते कापून टाकतं आणि नेमकी मानच गायब होते. टेम्पररीचं प्लास्टिक, पीएमएमए, ओलं असलं की चमकतं आणि स्कॅनमध्ये खरखर येते, म्हणून हवेनं पूर्ण कोरडं करा. निर्जंतुक करायला टेम्पररी ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका. पीएमएमए साधारण १०५ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्ह १२१ च्या पुढे जातो. रासायनिक द्रावण वापरा आणि मग स्वच्छ धुवा.

शेवटी जुळणी. तोंडातल्या टेम्पररीचा दिसणारा भाग आणि बाहेर स्कॅन केलेल्या टेम्पररीचा तोच भाग हे दोघांमधलं सामाईक. ठिपक्यांवर बिंदू देऊन दोन्ही एकावर एक बसवा. हिरडीच्या कडेखाली टेम्पररीची जी बाहेरची पाठ आहे, तीच आता हिरडीची आतली भिंत झाली. बऱ्याच स्कॅनरमध्ये यासाठी इमर्जन्स प्रोफाइलची (हिरडीतून बाहेर येणाऱ्या मानेच्या आकाराची) वेगळी पायरी असते. नसेल तर लॅब एक्सोकॅड किंवा थ्रीशेप या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये हे करू शकते, फक्त तिन्ही फाइली एकाच ऑर्डरमध्ये, नावं देऊन पाठवा. एसटीएल फाइलमध्ये रंग जात नाही, म्हणून पीएलवाय पाठवा. रंग दिसला की टेक्निशियनला हिरडीची कड अंदाजानं शोधावी लागत नाही.

ज्यांच्याकडे टेम्पररी बाहेर स्कॅन करायची सोय नाही, त्यांनी निदान स्कॅन बॉडीभोवती फ्लोएबल भरून हिरडीला जागेवर धरावं. त्यासाठी टेम्पररीचा साचा आधी पुट्टीत (माप घ्यायच्या रबरात) घेऊन ठेवा, म्हणजे फ्लोएबलला तोच आकार मिळतो. काम चालतं, पण मी वरची पद्धतच निवडते.

लॅबच्या बाजूला काय बघायचं

लॅबच्या चिठ्ठीवर मी एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिते: हिरडीखालचा आकार टेम्पररीचा जशाचा तसा घ्या, नवीन डिझाइन करू नका. सॉफ्टवेअर आपणहून मान गुळगुळीत करून देतं आणि घाईत ते तसंच पुढे जातं. डिझाइन पास करताना फक्त पुढून दिसणारा दात पाहू नका. मानेचा आडवा छेद पाहा आणि टेम्पररीच्या छेदावर ठेवून पाहा.

टायटेनियम बेसची उंचीसुद्धा पाहा. इम्प्लांट खोल असताना हिरडीतली उंची कमी असलेला बेस निवडला, तर रुंद होणं हाडाच्या अगदी जवळून सुरू होतं आणि कोन उभारतो. मान इम्प्लांटपासून ३० अंशांपेक्षा जास्त फाकली आणि वर फुगीरही असली, तर इम्प्लांटभोवती सूज आणि हाड झिजण्याचा धोका वाढलेला अभ्यासांत दिसला आहे. हिरडीच्या आतल्या झिर्कोनियाला ग्लेझ (चकाकीचा लेप) न देता आरशासारखं पॉलिश मागा. आणि बेस कॅपला तोंडाबाहेरच चिकटवा, म्हणजे सिमेंट हिरडीत अडकणार नाही.

आकारच चुकीचा असेल तर

वरचं सगळं बरोबर करूनही काहींची हिरडी हवी तशी दिसत नाही, कारण टेम्पररीचाच आकार चुकलेला असतो. चुकीचा आकार बिनचूक कॉपी केला तर चूकच पुढे जाते. म्हणून टेम्पररीवर हिरडी जुळेपर्यंत स्कॅनला हात लावायचा नाही, पेशंटनं कितीही घाई केली तरी.

हिरडीच्या कडेखालचा पहिला साधारण १ मिमी हा फार संवेदनशील पट्टा. ओठाकडच्या बाजूला तिथे फुगवटा दिला की हिरडी वर सरकते आणि दात लांब दिसतो. तिथून साहित्य उतरवलं की हिरडी खाली येते. त्याच्या खालचा भाग, इम्प्लांटपर्यंतचा, शक्यतो आत वळलेला ठेवा, म्हणजे हिरडीला जाडीसाठी जागा मिळते. दोन दातांच्या मधे थोडा भरणा दिला की टोक कॉन्टॅक्टकडे ढकललं जातं. पण त्यालाही मर्यादा आहे. १९९२ साली टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैसर्गिक दातांवर मोजलं होतं. कॉन्टॅक्टपासून हाडापर्यंतचं अंतर ५ मिमी किंवा कमी असेल तर टोक भरून येतं, ६ मिमीला ते निम्म्याच्या थोडं वर, ५६ टक्के, आणि ७ मिमीला २७ टक्क्यांवर घसरतं. हाड झिजून दूर गेलं असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर टोक आणून देणार नाही. तिथे कॉन्टॅक्ट लांब करून हिरडीकडे आणायचा आणि पेशंटला आधीच सांगायचं. इम्प्लांट शेजारच्या दाताला दीड मिमीपेक्षा जवळ लागलं असेल, किंवा हिरडीखाली जेमतेम २ मिमी खोलीवर असेल, तर तो प्रश्न सर्जरीच्या टेबलावरचा आहे, फाइलमध्ये तो सुटत नाही.

टेम्पररीच नसेल, तर शेजारच्या जोडीच्या दाताचं आरशातलं प्रतिबिंब सॉफ्टवेअरमध्ये घ्या, सीबीसीटीवरून (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवरून) त्याच्या मानेचा छेद पाहा, त्यावरून डिजिटल हिरडी कापून मान डिझाइन करा. हे मी दाढांना बिनधास्त करते, समोरच्या दातांना नाही. दाढेची मान इम्प्लांटच्या जवळपास दुप्पट रुंद असते. बाजारातल्या गोल हीलिंग अबटमेंटवरून (हिरडी भरून येईपर्यंत इम्प्लांटवर लावायच्या टोपणावरून) थेट कॅपवर गेलं की खाली खोबण राहते आणि सावजीचं मटण खाल्लं की तंतू तिथेच अडकतात. सर्जरीच्या आधीच स्कॅनवरून दाढेच्या मानेच्या आकाराचं हीलिंग अबटमेंट तयार करून ठेवलं, तर ही तक्रार बहुतांशी उरत नाही.

खर्रा खाणाऱ्या पेशंटबद्दल

आपल्याकडे हे लिहायलाच हवं. रोज खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटून खाणाऱ्याच्या तोंडात फायब्रोसिस (अस्तर कडक होण्याचा आजार) सुरू झाला की आतलं अस्तर आधीच पांढरट आणि कडक असतं. मग पांढरेपणा जातोय की नाही, ही आपली नेहमीची खूण फसवते. अशा पेशंटमध्ये मी कॅप लावण्याआधी त्या जागेचा फोटो घेते आणि मग त्याच उजेडात तुलना करते. कडक हिरडी हळू सरते, म्हणून भरणा अगदी थोडा थोडा, दोन भेटींमध्ये जास्त अंतर ठेवून. तोंड कमी उघडत असेल तर मागच्या दाढांपर्यंत स्कॅनर जाईल का, हे पहिल्याच दिवशी टिप आत घालून पाहा, इम्प्लांट लावल्यानंतर नव्हे. आणि खर्रा सोडण्याबद्दल स्पष्ट बोला. कॅपपेक्षा ते कितीतरी महत्त्वाचं आहे.

चुकीची कॅप आत्ता हातात असेल तर

पांढरेपणा पंधरा मिनिटांत गेला नाही तर स्क्रू घट्ट करू नका. कॅप काढा, पांढरी जागा जिथे होती तिथे मानेवर पेन्सिलनं खूण करा, पाण्याखाली बारीक डायमंडनं थोडं उतरवा, रबरनं पूर्ण पॉलिश करा, परत लावून पाहा. दोनदा करूनही जमलं नाही तर थांबा आणि टेम्पररी परत लावा. मान अरुंद असेल तर खुर्चीवर इलाज नाही. हिरडीखाली झिर्कोनियावर कंपोझिट चढवून पाठवणं मला मान्य नाही. टेम्पररी लावा आणि वरच्या पद्धतीनं पुन्हा स्कॅन करा.

शिक्षिकाबाईंचं असंच केलं. टेम्पररी तीन आठवडे परत ठेवली, ठिपके लावले, तिन्ही स्कॅनं एका बैठकीत घेतली. दुसरी कॅप लावली तेव्हा पांढरेपणा आला आणि आठव्या मिनिटाला गेला. बाई आरशात पाहत म्हणाल्या, "आता आपलाच वाटून राहिला."

बाहेरगावच्या प्रत्येक पेशंटला मी सांगते, टेम्पररी हलली किंवा निघाली तर रुमालात बांधून ठेवू नका, त्याच दिवशी फोन करा. तिच्या स्कॅनची फाइल आमच्याकडे असते, तुटली तर तशीच दुसरी बनवता येते, पण तेवढ्या वेळात हिरडी आवळली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि फायनल लागल्यावरही टेम्पररी मी फेकत नाही. नाव-तारीख लिहिलेल्या डबीत ठेवते. चार वर्षांनी कॅपचा टवका उडाला तर कॅप लॅबला जाते, तेवढे दिवस हिरडी धरून ठेवायला ती डबीतली टेम्पररीच लागते.